स्वस्त विडी, महाग हिशेब

पेन्शनच्या आठवड्यात शाखेत ज्येष्ठ खातेदारांची गर्दी असते. पासबुक भरून घेताना एक वाक्य हमखास कानावर पडते : "सिगारेट आता परवडत नाही, विडीवर आलोय." पैसे वाचले असे वाटते खरे. पण वाचले का? हिशेब मांडून पाहू.

किंमत वेगळी, परवडणे वेगळे

किंमत म्हणजे पाकिटावर छापलेला आकडा. ती परवडते की नाही, हे आपल्या मिळकतीवर ठरते. किंमत ५ टक्के आणि पगार १० टक्के वाढला, तर सिगारेट महाग होऊनही जास्त परवडते. निवृत्तीनंतर गणित उलटते. किंमत वाढतच जाते, मिळकत मात्र अनेकांची जागच्या जागी राहते.

तीन खातेदारांचा हिशेब

समजा, एक सिगारेट १५ रुपयांना आहे. रोज चार ओढल्या, तर महिन्याला १,८०० रुपये होतात.

पहिले खातेदार सरकारी निवृत्तिवेतनधारक, दरमहा ४०,००० रुपये. सिगारेटवर जातात साडेचार टक्के. त्यांचे पेन्शन महागाईनुसार वाढते, त्यामुळे दरवाढीची झळ कमी लागते.

दुसरे खासगी नोकरीतून निवृत्त, ठेवींचे व्याज दरमहा १२,००० रुपये. सिगारेटचा वाटा १५ टक्के. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत पाच वर्षे व्याजदर तोच राहतो. म्हणून दर वाढला की संख्या कमी करायची किंवा हलक्या ब्रँडवर यायचे.

तिसऱ्यांनी आयुष्यभर मजुरी केली. सरकारी मदत आणि मुलांनी दिलेले मिळून दरमहा ३,००० रुपये. ते २५ रुपयांचे विडीचे एक बंडल रोज घेतात, म्हणजे ७५० रुपये. मिळकतीचा चौथा हिस्सा!

वस्तू सर्वांत स्वस्त, पण ओझे सर्वांत जड. हे ओझे बहुतेक वेळा घरातल्या औषधांच्या आणि दुधाच्या पैशांतून निघते.

दर वाढला की काय होते?

दरवाढीचा परिणाम कमी मिळकतीच्या लोकांवर जास्त होतो. काही जण सोडतात, काही कमी करतात. जुनी सवय जडलेले मात्र स्वस्त पर्याय शोधतात. आपल्याकडे तो पर्याय म्हणजे विडी. २०१७ मध्ये जीएसटी आला, तेव्हा दोन्हींवर २८ टक्के कर लागला. पण सिगारेटवर वेगळा उपकरही होता, विडीवर नव्हता. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत ७.७ टक्के प्रौढ विडी ओढत होते, सिगारेट ४ टक्के. विडी स्वस्त असली, तरी शरीराला सौम्य नाही.

"या वयात सोडून काय उपयोग?" असे अनेक जण विचारतात. ब्रिटनमधील डॉक्टरांच्या ५० वर्षांच्या अभ्यासात साठीत धूम्रपान सोडणाऱ्यांचे आयुर्मान सुमारे तीन वर्षांनी वाढल्याचे दिसले.

आजच करण्यासारखे

• महिनाभर रोजचा खर्च वहीत लिहा आणि त्याला मिळकतीने भागा. तुमचा वाटा किती, ते कळेल.

• सोडलेल्या पैशांचे आवर्ती खाते उघडा. दरमहा १,८०० रुपये, साडेसहा टक्के दराने पाच वर्षांत सुमारे १ लाख २७ हजार रुपये होतात. विडीचे ७५० रुपयेही याच हिशेबाने ५३ हजारांवर जातात.

• आरोग्य विमा घेताना तंबाखूची सवय लपवू नका. लपवलेली माहिती पुढे दावा नाकारण्याचे कारण ठरू शकते.

• सोडण्यासाठी मदत हवी असल्यास १८००-११-२३५६ या निःशुल्क क्रमांकावर फोन करा.

लक्षात ठेवा : स्वस्त वस्तू घेतली म्हणजे बचत झाली असे नाही. जे पैसे खात्यात राहिले, तीच बचत.