लिंबायतेची खाडी आणि सागर

लिंबायतेतून समुद्र दिसत नाही, म्हणून तो परका वाटतो. वस्तुतः येथील मिठी खाडीचे पाणी अखेर अरबी समुद्रासच मिळते. पावसाळ्यात तुंबली म्हणजे तीच खाडी आपल्या खानदेशी कामगारबंधूंच्या घरांत शिरते.

संयुक्त राष्ट्रसंघाने २०१५ साली १७ ध्येये स्वीकारली. १४ वे सागररक्षणाचे. भूमीवरून समुद्रात जाणारी घाण २०२५ पर्यंत लक्षणीय घटविण्याचा त्यात वायदा होता. मुदत उलटली. पेढीवर असे झाले तर पत राहील काय?

तथापि सुरतेत एक व्यवहार झाला आहे. बमरोली येथे महानगरपालिका सांडपाणी शुद्ध करून २०१४ पासून पांडेसरा येथील कारखान्यांस विकते. क्षमता दररोज ४ कोटी लिटर. कारखान्यास पाणी, पालिकेस दाम, आणि तापीचे तितके गोडे पाणी शिल्लक. कृत्रिम कापडातून धुण्यात सुटणाऱ्या सूक्ष्म तंतूंचे खाते मात्र कोणी अद्याप उघडलेले दिसत नाही.