चाळीस किलोचे आरसे आणि पुंजभौतिकीचा जुना वाद

हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ दुधाळा येथे उभी राहणारी लायगो-इंडिया ही वेधशाळा गुरुत्वीय लहरी टिपण्यासाठी आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने १७ फेब्रुवारी २०१६ रोजी तिला तत्त्वतः मान्यता दिली आणि ६ एप्रिल २०२३ रोजी २,६०० कोटी रुपयांच्या खर्चाला मंजुरी दिली. पुण्याची आयुका, गांधीनगरची प्लाझ्मा संशोधन संस्था, इंदूरचे राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्र आणि अणुऊर्जा विभाग यांच्याकडे तिची जबाबदारी आहे. कृष्णविवरे आणि न्यूट्रॉन तारे यांच्या टकरी हा तिचा ठरलेला विषय. पण या टकरींचा दूरवरचा थरकाप मोजू शकेल असे यंत्र बनवायला गेले, की पुंजभौतिकीतला शंभर वर्षांचा एक वाद आपोआप समोर येतो. मोजणे म्हणजे नेमके काय घडते, आणि अणूला लागू असलेले नियम मोजणाऱ्या जड यंत्रालाही लागू असतात का, हा तो वाद.

यंत्राची रचना इंग्रजी एल अक्षरासारखी आहे. चार-चार किलोमीटरच्या दोन निर्वात नळ्या एकमेकींशी काटकोनात असतात. कोपऱ्यावरचा अर्धपारदर्शी आरसा लेसरचा झोत दोन्हींकडे विभागून पाठवतो आणि टोकाच्या आरशांवरून परतलेले झोत पुन्हा तिथेच मिळतात. दोन्ही भुजा ठरल्या लांबीच्या असतील तर परतीच्या लहरी एकमेकींना पुसून टाकतात आणि बाहेरच्या बाजूला जवळपास अंधार राहतो. गुरुत्वीय लहर एक भुजा किंचित ताणते, दुसरी किंचित आखडते, आणि त्या अंधारात प्रकाश झिरपतो. अमेरिकेतल्या हॅनफर्ड आणि लिव्हिंगस्टन येथील दोन लायगो यंत्रांनी १४ सप्टेंबर २०१५ रोजी पहिली लहर पकडली, तेव्हा भुजांच्या लांबीतला फरक प्रोटॉनच्या व्यासाच्या सुमारे चारशेव्या भागाइतका होता.

टोकाचा एकेक आरसा म्हणजे शुद्ध सिलिकाचा ४० किलो वजनाचा ठोकळा. व्यास ३४ सेंटिमीटर, जाडी २० सेंटिमीटर. तो सिलिकाच्याच चार तंतूंवर टांगलेला असतो आणि प्रत्येक तंतू जेमतेम ०.४ मिलिमीटर जाडीचा असतो. त्याच्यावर आणखी तीन लोलक, एकाखाली एक. जमिनीची धडधड, वाहनांची खडखड, दूरच्या समुद्राच्या लाटांचा हादरा, हे सारे या साखळीत वरच्या वर विरून जाते. नळ्यांमधली हवा काढून टाकलेली असते. इतके करूनही आरसा पूर्ण स्थिर दिसत नाही. उरलेल्या अस्थिरतेचा मोठा हिस्सा पुंजभौतिकीचा असतो.

हा हिस्सा दोन प्रकारांनी येतो. प्रकाश कणांनी बनलेला आहे आणि फोटॉन ठराविक अंतराने येत नाहीत. पत्र्यावर पडणाऱ्या पावसासारखे ते कधी दाट, कधी विरळ येतात. त्यामुळे मोजलेल्या प्रकाशात सतत चढउतार राहतो आणि त्यात लहरीची खूण हरवू शकते. लेसर प्रखर केला की हा गोंधळ तुलनेने कमी होतो. पण दुसरी अडचण तिथेच सुरू होते, कारण प्रत्येक फोटॉन आरशावरून परतताना त्याला ढकलतो. २०२० च्या सुमारास या भुजांमध्ये सुमारे २०० किलोवॉट शक्तीचा प्रकाश खेळत होता. साधा हिशेब केला तर दर सेकंदाला आरशावर आदळणाऱ्या फोटॉनांची संख्या एकावर चोवीस शून्ये इतकी भरते. या संख्येतला अटळ चढउतार तिच्या वर्गमुळाइतका, म्हणजे एकावर बारा शून्ये. प्रकाश वाढवला तर दिसते स्पष्ट, पण आरसा जास्त हलतो. प्रकाश कमी केला तर आरसा शांत, पण दिसते अंधुक.

हायझेनबर्गने १९२७ मध्ये अनिश्चिततेचे तत्त्व मांडताना सूक्ष्मदर्शकाचे जे काल्पनिक उदाहरण दिले, ते हेच. इलेक्ट्रॉन पाहायचा तर त्याच्यावर प्रकाश टाकावा लागतो आणि त्या प्रकाशानेच तो ढळतो. त्या उदाहरणाने एक गैरसमजही पसरवला: इलेक्ट्रॉनपाशी स्थान आणि संवेग दोन्ही नेमके आहेतच, आपले मापन तेवढे ओबडधोबड आहे. गणित तसे म्हणत नाही. दोन्ही एकाच वेळी नेमके असलेली अवस्थाच पुंजभौतिकीत नसते.

मॉस्कोच्या व्लादिमीर ब्रागिन्स्की यांनी १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात हे तत्त्व जड वस्तूंना लावून दाखवले आणि अशा मापनाला एक नैसर्गिक मर्यादा असल्याचे सांगितले. पुढे एक शंका निघाली. अर्धपारदर्शी आरसा झोत समान वाटतो, तर दोन्ही भुजांतले आरसे सारखेच ढकलले जातील आणि फरक शून्य राहील, मग ही अडचण आहे कुठे? कार्लटन केव्ह्ज यांनी १९८० मध्ये उत्तर दिले. यंत्राच्या ज्या अंधाऱ्या बाजूने काहीच आत येत नाही असे वाटते, तिथून रिक्त अवकाशाची पुंजीय हालचाल आत शिरते. लेसरशी तिची गाठ पडली की एका भुजेत थोडे जास्त, दुसरीत थोडे कमी असा वाटा होतो. म्हणजे गोंधळाचे मूळ लेसरच्या दोषात नाही, निर्वाताच्या स्वभावात आहे. या विषयातल्या सर्वांत सुंदर विचारांपैकी हा एक म्हणावा लागेल, कारण त्यातूनच उपायही निघाला. प्रकाशलहरीचा आयाम आणि कला, म्हणजे तिची उंची आणि चढउताराची वेळ, या दोहोंची अनिश्चितता मिळून एका मर्यादेखाली जात नाही, पण एकीची कमी करून दुसरीची वाढवता येते. असा ‘दाबलेला’ निर्वात अंधाऱ्या बाजूने मुद्दाम आत सोडावा, असे केव्ह्ज यांनी १९८१ मध्ये सुचवले.

एप्रिल २०१९ पासून दोन्ही लायगो यंत्रांत ही युक्ती कायमची आली आणि टकरी सापडण्याचा अपेक्षित वेग ४० ते ५० टक्क्यांनी वाढला. २०२० मध्ये लिव्हिंगस्टनच्या यंत्रावर पुंजीय चढउतारांमुळे ४० किलोचे आरसे किती थरथरतात ते मोजले गेले: मीटरच्या एकावर वीस शून्ये इतक्या भागांपैकी एक भाग. पुढच्या वर्षी हॅनफर्डच्या आरशांची एकत्रित हालचाल, जी गणितात १० किलोच्या एका लोलकासारखी वागते, अतिथंड करून शून्य बिंदूपासून सरासरी केवळ ११ पुंजांच्या आसपास आणली गेली. २०२४ मध्ये ३०० मीटरच्या पूरक पोकळीच्या मदतीने ब्रागिन्स्कींची मर्यादा काही वारंवारतांपुरती ओलांडली गेली. तिच्याखाली जाता येते हे सिद्धान्ताने आधीच सांगितले होते. प्रकाश आणि आरसा यांच्यात निर्माण होणारा पुंजीय संबंध वापरला की ती ओलांडता येते आणि अनिश्चिततेचे तत्त्व शाबूत राहते.

आता मूळ वादाकडे. नील्स बोर यांचे म्हणणे असे की, मापनाचे यंत्र नेहमीच्या, रोजच्या भौतिकीच्या भाषेतच वर्णावे लागते, नाहीतर निकाल सांगताच येणार नाही. मग अणू आणि यंत्र यांच्यामधली रेषा कुठे ओढायची? जॉन फॉन नॉयमन यांनी १९३२ मध्ये दाखवले की ती कुठेही सरकवली तरी उत्तर तेच येते. श्रोडिंगर यांनी १९३५ मध्ये एकाच वेळी जिवंत आणि मृत असलेल्या मांजराचे उदाहरण देऊन याच सरकत्या रेषेतली विसंगती उघडी केली. लायगोच्या आरशांनी या चर्चेत एक गोष्ट निश्चित केली आहे: वजन ही ती रेषा नव्हे. दोन्ही हातांनी उचलावा लागेल एवढा ठोकळाही हायझेनबर्गच्या नियमाने हलतो.

मात्र इथे सावध राहायला हवे. पुंजीय धक्क्याने आरसा थरथरणे वेगळे आणि तोच आरसा एकाच वेळी दोन ठिकाणी असणे वेगळे. दुसरी गोष्ट लायगोने दाखवलेली नाही. मोठ्या वस्तूला आजूबाजूचा प्रत्येक भरकटलेला रेणू आणि फोटॉन धडकतो, तिची माहिती परिसरात पसरते आणि दुहेरी अवस्थेच्या खुणा क्षणात पुसल्या जातात. हे १९७० पासून डीटर झे आणि नंतर वोय्चेख झुरेक यांनी विस्ताराने मांडले. त्यामुळे मांजर दोन अवस्थांत का दिसत नाही ते कळते. अनेक शक्यतांपैकी एकच का घडते, याचे उत्तर मात्र त्यातून मिळत नाही, आणि तिथेच मते फुटतात. ह्यू एव्हरेट यांच्या १९५७ च्या मांडणीत सर्व शक्यता आपापल्या शाखेत घडतात. डेव्हिड बोम यांच्या १९५२ च्या मांडणीत कणांना नेहमीच नेमके स्थान असते आणि एक लहर त्यांना वाट दाखवते. लायगोसाठी बोर, एव्हरेट आणि बोम हे तिन्ही पक्ष एकच आकडा काढतात. यंत्र कितीही नाजूक झाले तरी यांच्यात निवाडा करणार नाही.

निवाडा शक्य आहे तो चौथ्या पक्षाबाबत. गिरार्डी, रिमिनी आणि वेबर यांनी १९८६ मध्ये समीकरणच बदलले: तरंगफलन, म्हणजे वस्तूच्या सर्व शक्यता एकत्र सांगणारे गणिती वर्णन, आपोआप, अधूनमधून कोसळून एकाच शक्यतेवर येते, आणि वस्तू जितकी मोठी तितके ते वारंवार घडते. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत काम केलेले तेजिंदर पाल सिंग हे अशा सिद्धान्तांचे महत्त्वाचे अभ्यासक. २०१३ मध्ये त्यांनी इतर चौघांसह या सिद्धान्तांचा आणि त्यांच्या चाचण्यांचा विस्तृत आढावा प्रसिद्ध केला. या कल्पनेला किंमत मोजावी लागते. तरंगफलन असे कोसळत राहिले तर प्रत्येक वस्तूला एक बारीक, अखंड थरकाप सुटला पाहिजे. टांगलेला जड आरसा तो पकडू शकतो. २०१६ मध्ये गुरुत्वीय लहरींच्या यंत्रांची आकडेवारी याच कामासाठी तपासली गेली आणि सिद्धान्तातल्या शक्य किमतींचा मोठा भाग बाद झाला. लायगोबरोबर लिसा पाथफाइंडर या अंतराळयानाचीही मोजमापे त्यात होती आणि सर्वांत कडक बंधन त्याच्याच मोजमापांतून आले.

औंढ्याचे यंत्र अमेरिकेतल्या दोन यंत्रांच्याच आराखड्याचे आहे. त्याचे मुख्य काम टकरींची आकाशातली जागा अधिक नेमकी सांगणे. कोसळण्याच्या सिद्धान्तांची चाचणी घेण्याच्या दुसऱ्या कामातही त्याचा उपयोग आहे. जमिनीचा हादरा, वारा, यंत्रसामग्रीची घरघर या गोष्टी हॅनफर्डला वेगळ्या, लिव्हिंगस्टनला वेगळ्या आणि हिंगोली जिल्ह्यात आणखी वेगळ्या असतील. तरंगफलन कोसळल्याने होणारा थरकाप खरोखर असेल, तर तो तिन्ही ठिकाणच्या सारख्या आरशांत सारख्याच मापाचा भरला पाहिजे.