कोवळ्या पानांचा पिवळेपणा

डहाणू तालुक्यातील घोलवडच्या चिकूला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन लाभले. त्याच्या गोडीचे श्रेय तेथील चुनायुक्त मातीला दिले जाते. मात्र चुना अधिक झाल्यास मातीतील लोह मुळांना मिळत नाही. म्हणून डहाणू-तलासरीतील नव्या कलमांची पाने प्रथम नीट पाहावीत. जुनी पाने आधी पिवळी पडल्यास नत्राची उणीव संभवते. कोवळी पाने पिवळी व शिरा हिरव्या राहिल्यास लोहाची. अशा वेळी युरियावरील खर्च व्यर्थ होय. अतिरिक्त स्फुरदाने लोहाचे शोषण आणखी घटते. माती परीक्षण, पाण्याचा निचरा व शेणखत हे मूळ उपाय होत. चुनखडीच्या जमिनीत घातलेले हिराकस लवकरच निरुपयोगी ठरते. त्याच्या अर्धा टक्का द्रावणाची पानांवरील फवारणी गुणकारी ठरते. कलमे वाटताना ग्रामपंचायतींनी ही ओळखही शेतकऱ्यांना करून द्यावी.