कळफलक आणि त्याच्या विशेष कळा

संगणकाचा कळफलक बिघडला, की बाजारात मिळेल त्या कंपनीचा कळफलक आपण आणतो. तो जोडल्यावर कधी एखादी कळ अनपेक्षित काम करते, तर कधी कळांवर मराठी अक्षरेच नसतात. म्हणून तो निरुपयोगी ठरतो का? मुळीच नाही. याचे कारण समजून घेऊ या.

कळ दाबली असता तिच्यावर छापलेले अक्षर संगणकाकडे जात नाही. जातो तो केवळ त्या कळेचा संकेतांक. त्याचा अर्थ संगणकातील कार्यप्रणाली ठरवते. त्यामुळेच इंग्रजी अक्षरांच्या कळफलकावरूनही मराठी लिहिता येते. त्यासाठी १९९१ च्या भारतीय मानकात समाविष्ट असलेली ‘इनस्क्रिप्ट’ ही मांडणी उपयोगी पडते. हिच्यात स्वर डाव्या हाताला व व्यंजने प्रामुख्याने उजव्या हाताला असतात. ‘के’ या कळेने ‘क’ उमटतो, तर ‘शिफ्ट’सह तीच कळ दाबल्यास ‘ख’. गुजराती किंवा बंगाली लिहितानाही ‘क’ याच कळेवर असतो.

या मांडणीत ‘डी’ ही कळ अक्षराचा पाय मोडते आणि ‘शिफ्ट’सह ‘जे’ दाबल्यास ‘ऱ’ उमटतो. ‘ऱ’, पायमोड आणि ‘य’ अशा क्रमाने कळा दाबल्या, की ‘ऱ्य’ तयार होतो. हे ठाऊक नसेल, तर ‘दऱ्या’ऐवजी ‘दर्या’ लिहिला जाईल आणि दरीच्या जागी समुद्र येईल! ‘आचाऱ्यांना’ धाडलेले जेवणाचे काम ‘आचार्यांना’ जाईल, ते वेगळेच.

विशेष कळांची कामेही बदलता येतात. साध्या कळफलकावर स्पेसबारला लागून ‘ऑल्ट’ व तिच्या पलीकडे ‘विंडोज’ कळ असते. असा कळफलक मॅक संगणकाला जोडल्यास ‘विंडोज’ कळ ‘कमांड’चे आणि ‘ऑल्ट’ कळ ‘ऑप्शन’चे काम करते. मॅकच्या स्वतःच्या कळफलकावर मात्र ‘कमांड’ स्पेसबारला लागून असते. म्हणून बोटांची सवय चुकते. कळफलकाच्या सेटिंगमधील ‘मॉडिफायर कीज’ येथे या दोन कळांची अदलाबदल करता येते. विंडोज संगणकावर हेच काम मायक्रोसॉफ्टच्या ‘पॉवरटॉइज’ या विनामूल्य साधनाने होते.

ज्यांना एकाच हाताने लिहावे लागते, त्यांना ‘शिफ्ट’ धरून दुसरी कळ दाबणे कठीण जाते. त्यांच्यासाठी ‘स्टिकी कीज’ ही सोय आहे. ती सुरू केली, की आधी ‘शिफ्ट’ व मग दुसरी कळ, अशा एकेक करून कळा दाबता येतात.

संगणक अनेकांच्या वापरातला असेल, तर काम संपताच आपण केलेले बदल पूर्ववत करावेत. कळफलक कोणत्याही कंपनीचा असो, त्यावरून आपली भाषा शुद्ध लिहिणे आपल्याच हाती आहे.