विश्लेषण : वर्ष एकच, ठसे अनेक... जुनी अमेरिकी चांदीची नाणी कशी ओळखतात?

अमेरिकेचे १८२७ सालचे अर्धा डॉलरचे नाणे चाळीसहून अधिक प्रकारांत आढळते. चित्र तेच, वजन तेच, वर्षही तेच. तरीही त्यातला एक प्रकार सहज मिळतो आणि दुसऱ्यासाठी लिलावात चढाओढ लागते. हा फरक असतो नाणे पाडणाऱ्या ठशाचा, म्हणजेच ‘डाय’चा. हा ठसा ओळखणे का महत्त्वाचे, हे पाहू.

एकाच वर्षात इतके ठसे का?

फिलाडेल्फियाची टांकसाळ १७९२ च्या कायद्याने स्थापन झाली. तेथून चांदीचा डॉलर आणि अर्धा डॉलर १७९४ पासून बाहेर पडू लागले. नाण्याच्या पुढच्या आणि मागच्या बाजूसाठी पोलादाचा एकेक ठसा लागे. पुढे लिबर्टीचा मुखवटा आणि मागे गरुड ही मुख्य चित्रे तयार साच्याने उमटवली जाऊ लागली, तरी तारे, अक्षरे आणि अंक कारागीर हातानेच एकेक करून ठोकत. त्यामुळे कुठे तारा कडेकडे सरके, तर कुठे अंक कलता बसे. चुकाही होत. १८०७ च्या अर्ध्या डॉलरच्या एका ठशावर ‘५०’ ऐवजी ‘२०’ ठोकले गेले. ठसा फेकून न देता त्यावरच ‘५०’ ठोकण्यात आले. त्या नाण्यांवर ‘५’ खाली ‘२’ आजही दिसतो.

‘डाय मॅरेज’ म्हणजे काय?

ठसे तडकत, झिजत. एक निकामी झाला की उरलेल्याची नव्याशी जोडी लावली जाई. अशा प्रत्येक जोडीला संग्राहक ‘डाय मॅरेज’, म्हणजे ठशांचे लग्न म्हणतात. १८०७ ते १८३६ दरम्यानच्या अर्ध्या डॉलरच्या अशा सुमारे ४५० जोड्या नोंदवल्या गेल्या आहेत. अल ओव्हरटन यांचे अर्ध्या डॉलरवरील पुस्तक १९६७ मध्ये आले. त्यातील ‘ओ-१०१’सारखे क्रमांक आजही लिलावाच्या यादीत वापरले जातात. डॉलरसाठी बोलेंडर, तर पाव डॉलरसाठी ब्राउनिंग यांचे क्रमांक चालतात.

ठसा ओळखतात कसा?

त्यासाठी चांगले भिंग आणि भरपूर संयम लागतो. नाणे झिजले की केसांच्या बटा, पिसे पुसट होतात, पण अक्षरांच्या जागा बदलत नाहीत. म्हणून नजर चित्रावर नव्हे, अंतरांवर ठेवायची. वर्षाच्या अंकांमध्ये किती फट आहे? पहिल्या ताऱ्याचे टोक कडेच्या कोणत्या दात्याकडे वळले आहे? मागच्या बाजूला ‘युनायटेड’मधल्या ‘टी’च्या खाली, पट्टीवरच्या ‘प्लुरिबस’मधला ‘आय’ नेमका कुठे येतो? अशा तीन-चार खुणा जुळल्या की शेकडो शक्यता मोजक्याच उरतात.

ठशावरच्या तड्याचाही उपयोग होतो. ठशाला तडा गेला की नाण्यावर त्याची उंच रेघ उमटते. ती लांबत जाते तसे कोणते नाणे आधी पाडले आणि कोणते नंतर, हे समजते.

दप्तराने दडवलेले ठशाने सांगितले?

१८०४ चा डॉलर हे त्याचे ठळक उदाहरण. टांकसाळीच्या नोंदीनुसार त्या वर्षी १९,५७० डॉलर पाडले गेले. पण ते आधीच्या वर्षांच्या ठशांनी. ‘१८०४’ असे कोरलेले पहिले डॉलर प्रत्यक्षात १८३४-३५ मध्ये, आशियातील राज्यकर्त्यांना भेट देण्यासाठी तयार झाले. भेटी घेऊन निघालेले राजदूत एडमंड रॉबर्ट्स यांचे ‘पीकॉक’ जहाज मस्कतहून १८३५ मध्ये मुंबईला दुरुस्तीसाठी थांबले आणि मग सियामला गेले. १८०४ च्या डॉलरचे आज १६ नग ज्ञात आहेत. त्यातला एक तर १८५७ च्या स्विस नाण्यावर ठसा मारून बनवला होता. जुन्या नाण्याच्या खुणा उरल्या आणि खरी वेळ उघड झाली.

खरे-खोटे ठरवताना याचा उपयोग काय?

१७९४ मध्ये टांकसाळीने १,७५८ डॉलर नाणी दिली. त्यांतली आज ज्ञात असलेली सर्व एकाच ठसेजोडीची आहेत. त्यातील एक २०१३ मध्ये एक कोटी डॉलरहून अधिक किमतीला विकले गेले. म्हणजे १७९४ च्या एखाद्या डॉलरवर तारे आणि अक्षरे ठरल्या जागी नसतील, तर ते बनावट असल्याची शंका तिथेच पक्की होते. १८०१ सारख्या वर्षाचा शेवटचा अंक बदलून केलेला ‘१८०४’ही ठशाच्या खुणांवरून पकडता येतो.

मात्र ठसा जुळला म्हणजे नाणे खरेच, असे नाही. खऱ्या नाण्यावरून साचा काढला की ताऱ्यांच्या जागाही हुबेहूब येतात. पण मूळ नाण्यावरचा ओरखडा, खोचाही सोबत येतो. दोन नाण्यांवर तोच ओरखडा त्याच जागी दिसला, तर सावध व्हायचे. शिवाय डॉलरचे वजन सुमारे २६.९६ ग्रॅम आहे का आणि कडेवरची अक्षरे बरोबर आहेत का, हे पाहावेच लागते.

ठशाची ओळख म्हणूनच केवळ हौशी संग्राहकांचा खेळ राहत नाही. वर्षाचा अंक कुणीही कोरू शकतो, पण दोनशे वर्षांपूर्वी हाताने ठोकलेल्या ताऱ्यांच्या जागा मनाने रचता येत नाहीत. पैसे मोजण्याआधी त्या तपासणे एवढे तरी खरेदीदाराच्या हाती असते.