सल्ला पाखडून घ्या

तेल महाग झाले, डाळ महाग झाली, बियाणेही महाग झाले. पण आपल्या गावात एक वस्तू अजून फुकट मिळते. ती म्हणजे औषधाचा सल्ला!

पारावर बसून नुसते एकदा शिंका. मग बघा गंमत. एक जण म्हणतो, "गुरुजी, आल्याचा काढा घ्या." दुसरा म्हणतो, "काढा कसला? उष्ण पडेल. तुळशीचा रस घ्या." तिसरा म्हणतो, "काही घेऊ नका. दोन दिवस लंघन करा." घरी यावे तर सूनबाई म्हणते, "मामंजी, रात्री दही खाल्लंत ना, त्याचंच हे." शिंक एक आणि वैद्य चार! साठी उलटली की गुडघे कुरकुरू लागतात आणि सल्ले देणारे वाढतात.

सल्ला देणाऱ्यावर रागावू नये. तो मायेपोटी बोलतो. पण माया वेगळी आणि माहिती वेगळी. धान्य आपण सुपात घालून पाखडतो. सल्लाही तसाच पाखडावा. सुपात तीन गोष्टी असतात. फोलपट, दाणा आणि खडा.

फोलपट

बाळाला उचकी लागली की आजी त्याच्या टाळूवर दोऱ्याचा तुकडा ठेवते. थोड्या वेळाने उचकी आपोआप थांबते. नाव मात्र दोऱ्याचे होते! सर्दीला हळदीचे दूध देतात. सर्दी औषधाने सात दिवसांत जाते आणि बिनऔषधाची आठवड्यात जाते. पण गरम दुधाने घशाला बरे वाटते, आणि कोणी आपल्यासाठी दूध तापवले म्हणून मनालाही बरे वाटते. अशा सल्ल्याने फायदा थोडा, पण नुकसान नाही. आजीशी वाद घालू नका. दूध पिऊन टाका.

दाणा

काही जुने सल्ले मात्र टपोऱ्या दाण्यासारखे आहेत. "जेवण झालं की शतपावली करा," असे म्हातारी माणसे सांगत आली. ते खरे आहे. जेवणानंतर थोडे चालले की रक्तातली साखर एकदम चढत नाही. मधुमेह असलेल्याने तर हे जरूर करावे.

जेवणाआधी आणि शौचाहून आल्यावर साबणाने हात धुवावेत, हाही दाणाच. मीठ कमी खावे, हाही दाणा. मोठ्या माणसाला दिवसभरात सगळे मिळून एक छोटा चमचा मीठ पुरे. लोणचे आणि पापड यांतले मीठही त्यातच मोजायचे, बरं का! मीठ जास्त झाले की रक्तदाब वाढतो. रक्तदाब हा चोरपावलांनी येतो. पुष्कळदा काही दुखत नाही, खुपत नाही. म्हणून "आता बरं वाटतंय, गोळी कशाला?" असे कोणी म्हणाले तर ऐकू नका. डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी सोडू नका.

खडा

आता खडा. भातातला खडा दात पाडतो. सल्ल्यातला खडा जीव घेतो. इथे मात्र हसण्याचे काम नाही.

लहान मुलाला जुलाब लागले की कोणी तरी सांगते, "पाणी देऊ नका. जितकं पाणी द्याल तितके जुलाब वाढतील." ऐकायला हे पटते. पण विचार करा. शेताचा पाट फुटला आणि पाणी वाहून जाऊ लागले. म्हणून आपण मोटार बंद करून बसलो, तर पिकाचे काय होईल? पीक वाळेल. मुलाचेही तेच होते. जुलाबाने अंगातले पाणी आणि क्षार निघून जातात. ते भरून दिले नाहीत तर मूल दगावते.

मग काय द्यावे? मीठ-साखरेचे पाणी. नुसते पाणी आतड्यात नीट शोषले जात नाही. साखर मिठाचा हात धरून त्याला आत नेते, आणि त्या दोघांच्या मागोमाग पाणी आत जाते.

१९७१ साली बांगलादेशाचे युद्ध झाले. लाखो निर्वासित पश्चिम बंगालात आले. बनगाव येथे पटकीची साथ पसरली. शिरेतून द्यायचे सलाईन संपत आले. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोज पाण्यात मिसळून रोग्यांना पाजायला लावले. पाजणारे कोण? रोग्यांचेच नातेवाईक. आधी शंभरातले सुमारे ३० रोगी मरत होते. त्यांच्या छावणीत हे प्रमाण ४ च्याही खाली आले.

हे पाणी असे करा. उकळून गार केलेले १ लिटर पाणी घ्या. त्यात छोट्या चमच्याने ६ सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घाला. चांगले ढवळा. चव घेऊन पाहा. डोळ्यांतल्या आसवांपेक्षा खारट लागले तर ओतून टाका आणि नवे करा. दर जुलाबानंतर घोट घोट पाजा. उरलेले दुसऱ्या दिवशी वापरू नका. आशाताईंकडे ओआरएसची पुडी मिळाली तर ती अधिक चांगली. पुडीवर लिहिले असेल तितक्याच पाण्यात ती सगळी घाला. अंगावरचे दूध आणि नेहमीचे जेवण बंद करू नका.

मूल मलूल झाले, डोळे खोल गेले, लघवी होईना, पाणी पिईना किंवा शौचात रक्त दिसले, तर वाट पाहू नका. तडक दवाखाना गाठा.

आणखी दोन खडे सांगतो. बाळाच्या नाळेला राख किंवा शेण लावू नका. त्याने धनुर्वात होतो. साप चावला तर जखम कापू नका, चोखू नका, करकचून बांधू नका आणि मांत्रिकाकडे वेळ घालवू नका. माणसाला धीर द्या, चालू देऊ नका, आणि लगेच सरकारी दवाखान्यात न्या. विषावर उतारा तिथल्या लशीत आहे.

तीन प्रश्न

यापुढे कोणी सल्ला दिला की मनाशी तीन प्रश्न विचारा. याने अपाय तर होणार नाही ना? याचे कारण सांगता येते का? याच्या नादात दवाखान्यात जायला उशीर तर होणार नाही ना?

आणि हो, माझाही हा सल्ला फुकटच आहे. तोही सुपात घाला, पाखडा, आणि मगच घ्या!