वादळ इथे, फाइल तिथे

१६ मे २०२१. तौक्ते चक्रीवादळ सिंधुदुर्गाच्या किनाऱ्याला घासून उत्तरेकडे गेलं. देवगड-मालवण पट्ट्यात विजेचे खांब आडवे झाले, हापूसची कलमं मोडली, छपरं उडाली. कित्येक गावांत दिवसच्या दिवस लाइट नव्हती, मोबाइलला रेंज नव्हती. छपरातून आत आलेलं पाणी कपाटातला अल्बम आणि टेबलावरचा कॉम्प्युटर असा भेद करत नाही. म्हणून मिठबावसारख्या समुद्राला लागून वसलेल्या गावाला फायलींच्या ऑनलाइन प्रतीची गरज शहरापेक्षा जास्त आहे, असं माझं ठाम मत आहे. त्यासाठीच या काही गमतीच्या, काही काळजाचा ठोका चुकवणाऱ्या गोष्टी.

खारा वारा

मीठ हवेतला ओलावा ओढून घेतं. समुद्रावरून येणारे क्षारकण सर्किटवर बसले की धातूच्या जोडण्या गंजायला लागतात. त्यात चार महिने पाऊस. लग्नाच्या व्हिडिओ कॅसेटवर चढलेली पांढरी बुरशी किनाऱ्यावरच्या किती घरांनी पाहिली असेल! शिवाय मिरगाच्या आधी आणि परतीच्या पावसात कडाडणाऱ्या विजा. एका लोळात कॉम्प्युटरही जातो आणि त्याला जोडून ठेवलेली हार्ड डिस्कही. घरातली दुसरी प्रत हवीच, पण ती घरावरच्या संकटातून वाचेल याची खात्री नसते.

फायलींचा चाकरमानी

कोकणात घरटी एक माणूस मुंबईला असतं. गावात काही झालं तर तिकडून हात मिळतो. ऑनलाइन प्रतीचं काम नेमकं हेच. आणि ती कुठे हवेत तरंगत नसते. मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये पुणे, मुंबई आणि चेन्नईत आपली डेटा सेंटर उघडली, अ‍ॅमेझॉनने २०१६ मध्ये मुंबईत, गूगलने २०१७ मध्ये मुंबईतच. तिथे एकाच फाइलच्या अनेक प्रती वेगवेगळ्या यंत्रांवर ठेवतात. अ‍ॅमेझॉनचा आपल्या साठवणीबद्दलचा दावा ऐका: एक कोटी फायली ठेवल्या, तर सरासरी दहा हजार वर्षांत एखादी हरवेल!

आणि जागा? पूर्वी ती किती तोकडी होती पाहा. १९५६ साली आयबीएमने पहिली हार्ड डिस्क बाजारात आणली. पन्नास तबकड्या, सुमारे टनभर वजन आणि साठवण जेमतेम पावणेचार एमबी. आजच्या मोबाइलवरचे एक-दोन फोटो घातले की भरली.

बाळामुळे वाचलेला सिनेमा

१९९८ मध्ये पिक्सार स्टुडिओत कुणीतरी चुकीची आज्ञा दिली आणि ‘टॉय स्टोरी २’च्या फायली धडाधड पुसल्या जाऊ लागल्या. स्टुडिओतला बॅकअप नीट चालतच नव्हता. वाचवलं ते गॅलिन सुसमन यांनी. बाळंतपणानंतर त्या घरून काम करत होत्या, त्यामुळे चित्रपटाची एक प्रत त्यांच्या घरच्या कॉम्प्युटरवर होती. तो कॉम्प्युटर गोधड्यांत गुंडाळून गाडीने स्टुडिओत नेला गेला.

आपल्याकडे पुण्यात ८ जानेवारी २००३ रोजी नायट्रेट फिल्मच्या साठ्याला आग लागली. प्रभात फिल्म कंपनीच्या चित्रपटांसह अनेक जुन्या चित्रपटांच्या मूळ निगेटिव्ह त्यात गेल्या. ज्यांच्या प्रती आधी काढून ठेवल्या होत्या, तेवढेच आपल्या हाती राहिले.

ऑनलाइन म्हणजे अमर, असंही नाही. दक्षिण कोरियात २६ सप्टेंबर २०२५ रोजी देजॉनच्या सरकारी डेटा सेंटरला आग लागली. सरकारी कर्मचारी ज्या ‘जी-ड्राइव्ह’वर कामाच्या फायली ठेवत, तिथला ८५८ टेराबाइट डेटा गेला. साठा फार मोठा म्हणून बाहेर दुसरी प्रतच ठेवली नव्हती. छायाचित्रकार पीटर क्रोघ यांनी रूढ केलेला ३-२-१ चा नियम म्हणूनच मोलाचा: प्रती तीन, साधनं दोन प्रकारची, आणि एक प्रत दूर.

आंबा बागायतदारांनो

तुमच्या काही कागदांची काळजी सरकारनेच घेतली आहे. डिजिटल सहीचा सातबारा २०१८ पासून मिळतो, पंधरा रुपयांत. आधार, लायसन्स, मार्कशीट डिजिलॉकरमध्ये येतात. पण पेटी थेट घरी मागवणाऱ्या पुण्या-मुंबईच्या गिऱ्हाइकांची यादी कुठल्याच सरकारी कपाटात नाही. फवारणीची वही, हिशेब, बिलं, भौगोलिक मानांकनाची (जीआय) कागदपत्रं, आजीच्या आवाजातलं गाणं, जत्रेतल्या दशावताराचं रेकॉर्डिंग, हे सगळं फक्त तुमच्याकडे आहे. हंगाम मार्च ते मे, आणि वादळाचं भय मे महिन्यातही. पावसाच्या बेगमीत या कामाचीही भर घाला.

पहिला बॅकअप वेळ खातो. १०० जीबी डेटा १० एमबीपीएस अपलोडने चढवायला साधारण २२ तास लागतात. पुढे मात्र बहुतेक सेवा फक्त नव्या-बदललेल्या फायली पाठवतात, तेवढ्याला गावातली रेंजही पुरते. गूगलची फुकट जागा १५ जीबी, तीही जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो मिळून. दोन वर्षं खातं वापरलंच नाही तर गूगल ते काढून टाकू शकतं. परदेशी गेलेल्या मुलाने उघडून दिलेलं खातं अधूनमधून उघडत राहा. आणि हे विसरू नका: फोन आणि ऑनलाइन जागा एकमेकांशी जुळवून ठेवणाऱ्या सोयीत इकडे पुसलेला फोटो तिकडेही पुसला जातो. गूगल ड्राइव्हच्या कचरापेटीत पुसलेली फाइल ३० दिवसच राहते.

३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब या कंपनीचा डेटा चुकून पुसला गेला, तेव्हा बॅकअपच्या पाच पद्धतींपैकी एकही धड उपयोगी पडली नाही. त्याच्या सहा तास आधी एका इंजिनिअरने काढलेल्या प्रतीने त्यांना तारलं. तुमचा बॅकअप आधीच चालू असेल, तर आज त्यातली एक फाइल दुसऱ्या फोनवर उतरवून उघडून बघा. उघडली नाही, तर या पावसाआधी दुरुस्ती करा.